रमाई घरकुलाचा स्लॅब आणि मातीच्या घराचे कौतुक

सध्या मातीच्या घरांचे मोठे कौतुक चालू आहे. शहरातले एखादे जोडपे चांगल्या पगाराची नोकरी सोडून डोंगराच्या पायथ्याशी जमीन घेते, माती-बांबू-चुन्याचे घर बांधते आणि त्याचा व्हिडिओ लाखो लोक पाहतात. आपल्या पोरांच्या ग्रुपवरही तो फिरतो. खाली एक वाक्य हमखास असते: आपले पूर्वज किती शहाणे होते, सिमेंटने सगळे बिघडवले.

कोणाचे पूर्वज? हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

गावात अस्पृश्यांनी कसे राहावे याचे जे अलिखित कायदे होते, ते बाबासाहेबांनी नोंदवून ठेवले आहेत. वस्ती गावाबाहेर, तीही दक्षिणेला. स्वच्छ कपडे घालणे गुन्हा, सोन्या-चांदीचा दागिना गुन्हा आणि त्याच यादीत घरावर कौले चढवणे हाही गुन्हा. म्हणजे गवताचे छप्पर आणि पऱ्हाटी-तुराटीचा कूड ही आपल्या आज्या-पणज्यांची जीवनशैली नव्हती, ती त्यांच्यावर लादलेली होती. १९७८ साली नामांतराच्या प्रश्नावर मराठवाड्यात वस्त्या पेटवल्या गेल्या. छपराच्या घराला एक काडी पुरते, हे त्या वेळी आपल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले. म्हणून ज्या दिवशी वस्तीत पहिला स्लॅब पडला, त्या दिवशी लोकांनी पेढे वाटले. तो स्लॅब गळत नाही, जळत नाही आणि गावातल्या पाटलाच्या घराला असतो तसाच असतो. या आनंदाची टिंगल करण्याचा अधिकार वातानुकूलित खोलीत बसून 'निसर्गाकडे चला' म्हणणाऱ्यांना नाही.

मात्र एवढे म्हटल्याने स्लॅब थंड होत नाही.

बुलढाणा जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली असे दोन मुलूख आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे घाटावरचे. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखालचे. मे महिन्यात घाटाखाली पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा वेळी दुपारी तीन वाजता घरकुलाच्या खोलीत बसून पाहा. घरकुलाचे क्षेत्रफळ २६९ चौरस फूट, म्हणजे २५ चौरस मीटर. त्यात स्वयंपाकही आला. भिंत बहुतेक ठिकाणी चार इंची, कारण पैसे तेवढेच. एक खिडकी, तीही बऱ्याचदा समोरच्या घराच्या भिंतीकडे तोंड करून. ज्यांचे पैसे स्लॅबपर्यंत पोचले नाहीत त्यांच्या डोक्यावर टिन. टिन निदान रात्री लवकर थंड होते. काँक्रीट दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते घरात ओतते. म्हणून दहा वाजले तरी लोक आत जात नाहीत, बाजा अंगणात टाकतात. अंगण उरले असेल तर.

यात कोण भाजते? दिवसभर उन्हात काम करून आलेला मजूर, ज्याचे शरीर रात्री तरी थंड व्हायला हवे. चुलीजवळ बसलेली बाई. बारावीची किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरगी. म्हातारी माणसे. कूलर घ्या, असे सांगणारे आहेतच. कूलरला पाणी लागते, आणि घाटाखालच्या किती गावांत उन्हाळ्यात पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, ते वेगळे सांगायला नको. विजेचे बिल आहेच. गावातल्या जुन्या वाड्याला दोन-दोन फुटांच्या भिंती, माजघर, ओसरी, परसात कडुनिंब. वस्तीला चार इंची भिंत आणि झाडाला जागाच नाही. ऊन सगळ्यांवर सारखेच पडते, पण घरात किती शिरते हे जमीन, पैसा आणि जात ठरवते.

काही कार्यकर्ते म्हणतात, आधी जमीन, आधी अत्याचार, आधी आरक्षण. पर्यावरण हे पोट भरलेल्यांचे काम. मला हे पटत नाही. महाडचा सत्याग्रह पाण्यासाठी होता. शिवाय १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी दामोदर आणि महानदीच्या खोऱ्यांची आखणी, धरणे, वीज यांसारख्या तांत्रिक विषयांत स्वतः लक्ष घातले. इंजिनिअरिंग हा इंजिनिअरांचा खासगी मामला आहे असे त्यांनी मानले नाही. मग आपल्याच घराच्या भिंतीची जाडी आपण ग्रामसेवक आणि ठेकेदार यांच्यावर का सोडायची?

ठेकेदार हा शब्द मुद्दाम वापरला. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घर लाभार्थ्यानेच बांधायचे असते, ठेकेदार नेमता येत नाही. त्याच सूचनांत आणखी बरेच काही आहे, पण ते आपल्यापर्यंत पोचत नाही. घर साध्या देखभालीत किमान तीस वर्षे टिकले पाहिजे, स्थानिक हवामानाला तोंड देणारे असले पाहिजे, लाभार्थ्याला त्या भागाला योग्य असे वेगवेगळे नकाशे दाखवले पाहिजेत, गवंड्यांना प्रशिक्षण दिले पाहिजे. आयआयटी दिल्ली आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने केंद्राने 'पहल' नावाचा संग्रह काढला, त्यात वेगवेगळ्या राज्यांतल्या हवामानाप्रमाणे घरांचे नमुने दिले आहेत. तुमच्या पंचायत समितीत घरकुल मंजूर झालेल्या एका तरी माणसाला असे दोन-तीन नमुने समोर ठेवून 'यातला कोणता हवा' असे विचारले गेले आहे का? प्रत्यक्षात घाटावर आणि घाटाखाली एकच डबा उभा राहतो. पहिला हप्ता, जोत्याचा फोटो, दुसरा हप्ता, छताचा फोटो. ॲपमध्ये फोटो चढला की घर झाले.

एकच डबा दोन्हीकडे का चालत नाही, ते जरा सविस्तर पाहू, कारण खरी फसवणूक इथे होते.

घाटाखाली पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना काळी कसदार जमीन. कापसाला उत्तम, घराच्या पायाला वाईट. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर दोन फुटांचा पाया घेऊन भिंत उभी केली की दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. लोक मिस्त्रीला शिव्या देतात. मिस्त्रीची चूक असेलही, पण मुख्य कारण पायाखालची माती. अशा जमिनीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगवटा असलेल्या खांबांची पद्धत कित्येक दशकांपूर्वी तयार केली. तेवढे परवडत नसेल तर निदान पायाखालची काळी माती काढून मुरूम ठोकून भरावा, जोत्यावर बीम घ्यावा आणि घराभोवती दोन-अडीच फुटांचा उताराचा पट्टा करावा, म्हणजे पावसाचे पाणी पायाशी मुरणार नाही. हा पट्टा अंदाजपत्रकात नसतो. घरातले सांडपाणी मात्र थेट पायाशी सोडलेले असते.

दुसरी गोष्ट खारपाणपट्ट्याची. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारट. तेच बोअरचे पाणी सिमेंट कालवायला आणि स्लॅबवर मारायला वापरले जाते. लोखंडी सळई असलेल्या काँक्रीटसाठी एका लिटर पाण्यात क्लोराइड ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असे भारतीय मानक आयएस ४५६ सांगते. खारे पाणी वापरले की सळई आतून गंजते, गंज फुगतो, स्लॅबचे पोपडे निघतात आणि एक दिवस ढलपा खाली झोपलेल्या लेकराच्या अंगावर पडतो. भिंतीला लोणा लागतो तो वेगळाच. तीस वर्षे टिकण्याची अट इथे कोण पाळते? पाणी तपासल्याशिवाय घरकुलाचा हप्ता देणारी यंत्रणा पुढे 'लाभार्थ्याने निकृष्ट बांधकाम केले' म्हणायला मोकळी. या पट्ट्यात सळई कमीत कमी लागेल अशी घरे, आणि काँक्रीटपुरते टँकरचे गोडे पाणी, ही मागणी आपण लेखी केली पाहिजे.

घाटावर परिस्थिती उलट. तिथे अजिंठ्याच्या डोंगररांगेचा काळा दगड आणि मुरूम पायाखालीच आहे. दगडाचे जोते, जाड भिंत, मुरमात थोडे सिमेंट मिसळून यंत्रात दाबलेले ब्लॉक, हे तिथे शक्य आहे. तरी चिखली-मेहकरकडच्या घरकुलालाही भट्टीची वीट आणि बाहेरून आणलेली रेती.

वीट म्हणजे शेताची वरची सुपीक माती. ती भाजायला कोळसा आणि लाकूड, आणि भट्टीवर उचल घेऊन राबणारी कुटुंबे, ज्यांत आपले भाऊबंद आणि आदिवासी दोन्ही असतात. त्यांची पोरे शाळेबाहेर. शेगावच्या शेजारी, अकोला जिल्ह्यातल्या पारसला औष्णिक वीज केंद्र आहे. पश्चिमेला भुसावळजवळ दीपनगर. दोन्हीकडे राखेचे ढीग. औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या बांधकामांत राखेच्या विटा वापराव्यात असे केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या अधिसूचना सांगतात. आपला अख्खा जिल्हा त्या कक्षेत येतो. मग या विटा बचत गटाच्या बायकांनी तालुक्याच्या गावी बनवाव्यात आणि घरकुलांना द्याव्यात, एवढी साधी योजना का होत नाही? राखेची वीट म्हणजे जादू नाही. ती भिंत आपोआप थंड करत नाही. तिने माती वाचते आणि भट्टी टळते, एवढेच. भिंत थंड करायला तिची रचना बदलावी लागते.

ती रचना लॉरी बेकरने केरळात आयुष्यभर वापरली. वीट आडवी न ठेवता उभी रचायची, मधे पोकळी सोडायची. इंग्रजीत त्या भिंतीला उंदराच्या सापळ्याचे नाव आहे. विटा सुमारे पाव हिश्शाने कमी लागतात, सिमेंटही वाचते, भिंत नऊ इंची होते आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. स्लॅबमध्येही खालच्या भागात, जिथे काँक्रीटचे फारसे काम नसते, तिथे जुनी कौले बसवता येतात. वजन कमी, खर्च कमी, उकाडा कमी. पण हे काम शिकलेला मिस्त्री लागतो. इथे 'पर्यावरणपूरक घर स्वस्त असते' म्हणणाऱ्यांचा हिशेब फसतो. साहित्य स्वस्त होते, कौशल्य महाग होते. सपाट भागात घरकुलाचे अनुदान १ लाख २० हजार. त्यात शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी धरा. या पैशात नवा प्रयोग करण्याचा धोका गरिबाने का घ्यावा? प्रयोग फसला तर वास्तुविशारदाच्या संकेतस्थळावरून एक फोटो कमी होईल, इकडे आयुष्यभराचे एकमेव घर जाईल. म्हणून पहिले प्रयोग सरकारी इमारतींवर व्हावेत. ग्रामपंचायत, अंगणवाडी, तलाठी कार्यालय आधी तसे बांधून दाखवा.

मातीबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेत मेली, ती मुख्यतः दगड-मातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या मणामणाच्या मातीखाली. आपल्याकडे त्याच घराला धाब्याचे घर म्हणतात. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टीचा पूर आला. अशा पाण्यात कच्च्या मातीची भिंत टिकत नाही, आणि नदी-नाल्याकाठची सखल जागा गावात कोणाच्या वाट्याला आलेली असते, हे तुम्हाला माहीत आहे. तिथे मातीच्या घराचा आग्रह धरणे म्हणजे माणसे मारणे आहे.

तरीही माती हलकी, सिमेंट भारी, असे मी म्हणणार नाही. बुलढाणा ज्या डोंगररांगेवर बसला आहे, त्याच रांगेत अजिंठ्याची विहारे आहेत. तिथली चित्रे मातीच्या गिलाव्यावर आहेत. माती, भुसा, वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा हात. दीड हजार वर्षे झाली. आपल्या बौद्ध वारशातली ही कारागिरी आहे आणि ती ज्ञान म्हणून जगभर अभ्यासली जाते. वस्तीतल्या बाईने भिंतीला पांढऱ्या मातीचा हात दिला, पोतेरे केले, की त्याच कारागिरीला रोजगाराच्या नोंदीत 'अकुशल' म्हणतात. शहरात मातीकाम शिकायला लोक शुल्क भरून कार्यशाळेला जातात. शिकवणारा पदवीधर, शिकवलेले ज्ञान आपल्या आयांचे. गवंडी प्रशिक्षणाच्या यादीत बायकांची नावे का नाहीत, हा प्रश्न प्रत्येक पंचायत समितीत विचारा. त्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र हातात असलेली बाई कुशल मजुरी मागू शकते.

आपल्या जिल्ह्याची माती सरकारला मोलाची वाटल्याचेही उदाहरण आहे. तलाव आणि नाले खोल करून निघालेली माती-मुरूम राष्ट्रीय महामार्गाच्या भरावाला वापरली गेली, पाणी साठले, आणि 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून देशभर नाव झाले. चांगलेच झाले. महामार्गासाठी खात्यांची सांगड घालता येते, तर त्याच मुरमाची एक ट्रॉली घरकुलाच्या पायात टाकण्यासाठी का घालता येत नाही? घरकुलाला पाच ब्रास रेती मोफत देण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली. रेतीसाठी पूर्णा आणि खडकपूर्णा आणखी पोखरण्यापेक्षा रेती कमी लागणारी भिंत मंजूर करा, म्हणजे नदीही वाचेल आणि रेतीघाटावरच्या गुंडांचे तोंडही पाहावे लागणार नाही.

त्याच वर्षी राज्याने प्रधानमंत्री आवासच्या घरांसाठी ५० हजार रुपये वाढवले, त्यातले १५ हजार छतावरच्या सौर संचासाठी. सौर संचाला माझा विरोध नाही, उलट त्याची सावली स्लॅबवर पडते हा फायदाच. पण तापलेली खोली तशीच ठेवून पंख्याला फुकट वीज देणे, हा उलटा क्रम झाला. छताला चुना, पश्चिमेच्या भिंतीला सावली, समोरासमोर दोन खिडक्या, यांसाठी वेगळा पैसा अंदाजपत्रकात दिसत नाही. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरण आणले. अहमदाबादने २०१३ मध्येच उष्णतेचा कृती आराखडा केला आणि तिथल्या झोपडपट्ट्यांत छते पांढरी करण्याचे काम झाले. विदर्भ त्यांच्यापेक्षा थंड आहे का?

आणि एक पैसा आपल्या नावाने दरवर्षी येतो, तो कुठे जातो ते पाहा. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाचा निधी, ज्याला सगळे दलितवस्ती सुधार म्हणतात. त्यातून काय होते? सिमेंटचा रस्ता, पेव्हर ब्लॉक, सभामंडप. भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंट ओतून वस्तीचा तवा केला जातो, कारण सिमेंट रस्त्याचे अंदाजपत्रक तयार असते आणि त्यात सगळ्यांचा वाटा ठरलेला असतो. त्या रस्त्याच्या कडेला झाडासाठी खड्डा सोडायलाही कोणी तयार नसते. हा निधी शोषखड्डे, झाडे आणि छतांसाठी मागा. जिगाव प्रकल्पात उठणाऱ्या गावांची नवी गावठाणे आखली जात आहेत, तिथे तर कागद कोराच आहे. आपली ओळ पुन्हा उताराला, नाल्याकडे जाऊ द्यायची नाही आणि भूखंड पाडतानाच घरांची तोंडे पूर्व-पश्चिम उन्हापासून वाचवायची, हे आता नाही बोललो तर पुढची पन्नास वर्षे भोगू.

नवे घर बांधणारे थोडे, आहे त्या घरात राहणारे जास्त. त्यांच्यासाठी काम लगेच सुरू करता येते. फक्कीचा चुना गाळून, चिकटपणासाठी त्यात थोडा डिंक किंवा बाजारातला बाइंडर घालून स्लॅबवर किंवा टिनावर दोन हात मारले की आतले तापमान साधारण दोन ते पाच अंशांनी उतरते. पावसाने तो धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो. पश्चिमेच्या भिंतीला तारा बांधून दोडक्याचा किंवा गिलक्याचा वेल चढवता येतो, भाजीही होते. बंद भिंतीत छताजवळ एक जाळी फोडली की साचलेली गरम हवा निघते. सुरुवात विहारापासून आणि अभ्यासिकेपासून करावी, कारण ते सगळ्यांचे आहे आणि तिथे फरक सगळ्यांना जाणवतो. एक खोली चुना मारलेली, एक न मारलेली, दोन्हींत साधा थर्मामीटर लावून महिनाभर आकडे वहीत लिहा. ग्रामसभेत भाषणापेक्षा ती वही कामाला येते. गटविकास अधिकाऱ्याला निवेदन देताना तिचीच झेरॉक्स जोडा.

१४ एप्रिलनंतर घाटाखाली खरा उन्हाळा सुरू होतो. जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा एक तास कमी केला तर वस्तीतल्या बऱ्याच छतांचा चुना येतो. दहा पोरे, चार ब्रश, दोन शिड्या. सकाळी सहाला सुरू केले तर नऊपर्यंत एक ओळ होते, मग ऊन चढते आणि छतावर पाय ठेववत नाही.